ऑपेऱ्याच्या दाराबाहेरचा गायक

युरोपातला ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा थोरला भाऊ, असे सांगणारे सांगतात. ते अर्धेच खरे. आपल्याकडे गद्य संवाद असतात व मधून पदे येतात. ऑपेऱ्यात बहुतेक सारा संवाद गाऊनच करावयाचा, आणि तोही मोठ्या वाद्यमेळ्याच्या वर आवाज चढवून, ध्वनिक्षेपकाची मदत न घेता. पुरुषाच्या उंच पट्टीच्या आवाजाला तिकडे टेनर म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून ऑपेऱ्यातला प्रियकर बहुधा तोच असतो. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

अशा गायकाला पोट भरण्याच्या तीन जागा. एक ऑपेरा, दुसरी वाद्यवृंदाबरोबरचा जलसा, आणि तिसरी एका पियानोच्या साथीवरचे एकट्याचे गायन. आपल्या बैठकीच्या जवळचे. पहिल्या दोन ठिकाणी मालक, संचालक, मंडळ यांची मर्जी लागते. तिसऱ्या ठिकाणी सभागृहाचे भाडे भरले की झाले. आम्ही कामगारांत आयुष्य काढलेली माणसे. कोणत्या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे आम्ही आधी पाहतो.

रोलंड हेज हा अमेरिकेतला टेनर १८८७ साली जॉर्जिया प्रांतातल्या करीव्हिल गावी जन्मला. आईबाप पूर्वी गुलाम होते. बाप लौकर वारला आणि कुटुंब टेनेसीतल्या चॅटनूगा शहरी आले. तेथे हा पोर लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात लागला, आणि एकदा यंत्राच्या पट्ट्यात सापडून चांगलाच जायबंदी झाला. पट्ट्यात माणूस सापडला म्हणजे काय होते, हे गिरणगावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुढे आर्थर कॅल्हून नावाच्या संगीताच्या विद्यार्थ्याने त्याला कारुसोची तबकडी ऐकवली. आपल्यालाही हे करावयाचे आहे, हे त्या दिवशी त्याला कळले.

फिस्क विद्यापीठात काही वर्षे काढून तो बोस्टनला गेला. दिवसा एका विमा कंपनीत निरोप्याचे काम, उरल्या वेळात गाणे. त्याचे गुरू आर्थर हबर्ड त्याला आपल्या घरी शिकवीत. शिकवणीच्या जागी गोऱ्या शिष्यांसमोर काळा शिष्य नको म्हणून. गुरू चांगला होता, शिकवले मनापासून. पण चांगल्या माणसाचे धैर्यही त्या काळी घराच्या उंबरठ्यापर्यंतच जात होते.

ऑपेऱ्याचे दार तर बंदच. गोऱ्या नायिकेसमोर काळा प्रियकर उभा करावयास कोणती नाटकशाळा तयार होणार? आवाजाची परीक्षा घेण्याचा प्रश्नच आला नाही. मग हेजने तिसरी जागा धरली. १९१७ च्या नोव्हेंबरात बोस्टनचे सिंफनी हॉल त्याने स्वतःच्या जबाबदारीवर भाड्याने घेतले. निरोप्याच्या पगारात राहणाऱ्या माणसाने शहरातले सर्वांत मोठे संगीतगृह घ्यावे, याला आमच्या भाषेत जुगार म्हणतात. तो फळला.

१९२० साली तो लंडनला गेला आणि पुढच्याच वर्षी राजा पाचव्या जॉर्जपुढे गायला. युरोपची मोहोर उमटल्यावर मायदेशाला कंठ फुटला: १९२३ मध्ये बोस्टनच्या वाद्यवृंदाने त्याला बोलावले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये गायला. आपल्या माणसाची किंमत परक्याने सांगावी लागणे, हा रोग काही फक्त अमेरिकेचा नाही.

१९२४ चे बर्लिन मात्र सांगितलेच पाहिजे. ऱ्हाइनकाठी फ्रान्सने आपल्या वसाहतींतले काळे सैनिक ठेवले होते, त्याचा राग जर्मनांनी या गायकावर काढला. तो मंचावर येताच फूत्कार सुरू झाले. तो निमूट उभा राहिला. गलका जरा ओसरल्यावर त्याने शूबर्टचे एक अगदी हळुवार गाणे त्यांच्याच जर्मन भाषेत सुरू केले, आणि सभा त्याची झाली. शूबर्टच्या शेजारी तो आपल्या गुलाम पूर्वजांची भजनेही गात असे, आणि तितक्याच शिस्तीने. शेतात राबणाऱ्यांचे गाणे त्याने करमणुकीच्या फळीवरून उचलून मैफलीत बसवले. आमच्या मते त्याची खरी कमाई ती.

कीर्तीने दुसरे काही बदलले काय? त्याची आई ज्या मळ्यावर गुलाम होती, तेथली जमीन त्याने विकत घेतली होती. त्याच जॉर्जियात, रोम नावाच्या गावी, १९४२ साली त्याची पत्नी व मुलगी जोड्यांच्या दुकानात पंख्याजवळच्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसल्या. त्यावरून तंटा झाला. हेज जाब विचारावयास गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मारहाण करून कोठडीत टाकले. राजापुढे गायलेला माणूस तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९५५ साली मॅरियन अँडरसन या काळ्या गायिकेला मंचावर आणले. प्रमुख भूमिकेत काळा टेनर तेथे उभा राहिला तो १९६१ साली, जॉर्ज शर्ली. त्याच्या पुढच्या वर्षी हेजने आपल्या पंचाहत्तरीनिमित्त कार्नेगी हॉलमध्ये गायन केले. जवळ पियानो, दुसरे कोणी नाही.