सायगाव : शेवटचे अठ्ठावीस तास

२९ एप्रिल १९७५, पहाटे ४ च्या सुमारास
सायगावच्या तान सन न्यूट विमानतळावर उत्तर व्हिएतनामची रॉकेटं कोसळू लागली. मॅकमोहन आणि जज हे दोन अमेरिकी मरीन जागच्या जागी गेले. जज अवघा १९ वर्षांचा होता. धावपट्टीवर जळकी विमानं आणि टाकून दिलेले बाँब विखुरले. मोठ्या विमानांतून शहरातली माणसं बाहेर हलवायचा बेत तिथेच मोडला. आता उरलं हेलिकॉप्टर. योजनेत तो चौथा, म्हणजे अगदी शेवटचा पर्याय होता. अमेरिकी राजदूत ग्रॅहम मार्टिन स्वतः धावपट्टी पाहून आले, तरी विमानांचा नाद सोडायला तयार होईनात.

सकाळी १०.५१
हेलिकॉप्टरांचा हुकूम सुटला. पहिल्या रॉकेटपासून जवळजवळ सात तास गेले होते. या दिवसाचा इतिहास वाचताना माझं मन प्रत्येक वेळी इथेच अडकतं. पुढे वैमानिकांनी जे सोसलं, ते बरंचसं याच सात तासांचं देणं होतं.

दुपार
अमेरिकी वकिलातीच्या आवारात, गाड्या लावायच्या जागी, चिंचेचं मोठं झाड होतं. ते तोडलं तर शहरात घबराट पसरेल, म्हणून मार्टिन यांनी आदल्या दिवसांत त्याला हात लावू दिला नव्हता. आता करवती चालल्या. झाड पडल्याशिवाय मोठं सीएच-५३ हेलिकॉप्टर आवारात उतरणं शक्य नव्हतं, आणि छताला तर फक्त लहान सीएच-४६ चा भार पेलणार होता.

याच दुपारचं ते जगप्रसिद्ध छायाचित्र : छतावर हेलिकॉप्टर, शिडीवर माणसांची रांग. ते छत वकिलातीचं नव्हे. ते एका निवासी इमारतीचं आहे आणि हेलिकॉप्टर एअर अमेरिकेचं, म्हणजे सीआयएच्या कंपनीचं. त्या वैमानिकांनी दिवसभर शहरातल्या छतांवरून माणसं उचलली. त्यांच्या वाट्याला फारसं श्रेय आलं नाही, याचं वाईट वाटतं.

दुपारी ३.०६
मरीनांची पहिली मोठी हेलिकॉप्टरं विमानतळाजवळच्या लष्करी कचेरीपाशी उतरली. हुकूम होऊन चार तास उलटले होते. कारण समुद्रात सैनिक एका जहाजावर, हेलिकॉप्टरं दुसऱ्यावर; शिवाय नक्की कोणत्या वेळेला सुरुवात धरायची, यावरच गोंधळ.

संध्याकाळ
वकिलातीतून थोडीच माणसं न्यायची, असा हिशेब होता. प्रत्यक्षात आवारात हजारो जमले आणि भिंतीबाहेर त्याहून जास्त. मरीनांचे कॅप्टन जेरी बेरी ‘लेडी एस ०९’ हे सीएच-४६ घेऊन समुद्र ते छत अशा खेपा करत होते. अंधार पडला तसे आवारातल्या मोटारींचे दिवे लावून उतरायची जागा उजळण्यात आली. वैमानिकाला इमारतींच्या मधल्या खोबणीत सरळ खाली यायचं आणि भरलेलं यंत्र तसंच सरळ वर काढायचं. जराही तिरकं जायला वाव नाही.

रात्र, समुद्रावर
‘हॅनकॉक’ जहाजाभोवती एक सीएच-४६ पहाऱ्याला घिरट्या घालत होतं. कोणी पाण्यात पडलं तर उचलायचं, एवढंच त्याचं काम. उतरायला येताना तेच पाण्यात कोसळलं. मागे बसलेले दोघे वाचले. वैमानिक कॅप्टन विल्यम निस्टुल आणि लेफ्टनंट मायकेल शे यांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. दोघांनाही या जातीचं हेलिकॉप्टर चालवण्याचा ताजा सराव फार थोडा होता. दुसऱ्यांना वाचवायला ठेवलेली माणसं गेली, आणि त्यांची आठवण काढणारे आज थोडेच आहेत.

३० एप्रिल, पहाटे ४.३०
वॉशिंग्टनने ठरवून दिलेल्या खेपा संपल्या होत्या. आता फक्त अमेरिकी माणसं घ्या, असा हुकूम आला. आवारात तेव्हा चारशेहून जास्त माणसं शिस्तीत रांगा करून बसली होती. त्यांत व्हिएतनामी होते, तसे दक्षिण कोरियाच्या वकिलातीतलेही होते. सर्वांना नेऊ, असा शब्द त्यांना रात्रभर दिला गेला होता.

४.५८
बेरी छतावर उतरले आणि राजदूत चढल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा हुकूम होता. मार्टिन घडी केलेला झेंडा घेऊन चढले. ‘टायगर’ हा सांकेतिक शब्द रेडिओवर गेला : राजदूत बाहेर पडले. बेरींचे उड्डाणाचे तास त्या मोहिमेत १८ च्या वर गेले. त्या हातांना आणखी खेप जड झाली असती, असं मला वाटत नाही.

साडेपाचच्या सुमारास
खाली आवारात कॅप्टन स्टुअर्ट हेरिंग्टन रांगेतल्या त्या चारशे माणसांना धीर देत होते. लघवीला जाऊन येतो, असं सांगून ते अंधारातून छताकडे गेले.

७.५३
शेवटचे ११ मरीन छतावर अडकून पडले होते. त्यांना घ्यायला एक सीएच-४६ आलं आणि घेऊन गेलं.

त्याच दिवशी दुपारच्या आत उत्तर व्हिएतनामचे रणगाडे दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचं फाटक मोडून आत शिरले. एका सीएच-५३ मध्ये साठ-सत्तर माणसं बसत. आवारातच राहिलेल्या त्या चारशेंना न्यायला अशा सहा-सात खेपा पुरल्या असत्या. मागे राहिलेल्या कोरियन अधिकाऱ्यांपैकी काहींना १९८० पर्यंत तुरुंगात काढावं लागलं.