केडगावचे कृपासदन

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की चर्चा हमखास एका ठिकाणी येऊन अडते. एवढ्या विदुषीने धर्म का बदलला? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो इथे मिटणार नाही. पण त्या श्रद्धेचे त्यांनी पुढे काय केले, हा प्रश्न आपण फार कमी वेळा विचारतो.

१८८३ मध्ये रमाबाई वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे आपल्या एका आश्रमात पाठवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. त्यांतल्याच काही स्त्रिया पुढे आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागल्या होत्या. या बायकांना कोणी जवळ का करावे, या रमाबाईंच्या प्रश्नावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. आपले मन ख्रिस्ताकडे वळण्यामागे हा अनुभव होता, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदवले आहे. म्हणजे त्यांना आधी दिसले ते काम. शिकवण त्यामागून आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. त्यावरून गदारोळ झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले. पालकांची भीती खरी होती. आपली श्रद्धा लपवायची नाही, हा रमाबाईंचा निश्चयही तितकाच खरा होता. त्याची किंमत त्यांनी मोजली.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंनी आपले आई-वडील आणि थोरली बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडच्या वाटेवरील केडगावला, आधीच घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर नेण्यात आले. तेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार माणसे जगवायची म्हणजे नुसती दया पुरत नाही. विहिरी खणाव्या लागतात, दळण दळावे लागते, रोज धान्य मोजावे लागते. मुक्तीत शेती होती, गुरे होती, हातमाग होते, तेलघाणा आणि छापखानाही होता. ही कामे मुलीच शिकल्या आणि त्यांनीच चालवली. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी आणली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे याच मुलींनी जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

केडगावात आणखी एक घर उभे राहिले होते, कृपासदन. ज्यांना ‘पतित’ म्हणून कोणीही दारात उभे करत नसे, त्या स्त्रियांसाठी ते होते. फुलमला जे पाहिले, ते रमाबाईंनी आपल्या मातीत, आपल्या माणसांसाठी उभे केले.

रमाबाईंची श्रद्धा आपल्याला पटो वा न पटो. पण कोणाच्याही श्रद्धेकडे पाहताना एक साधा प्रश्न विचारता येतो. तिच्यामुळे आजवर कोणाला बंद असलेले एखादे दार उघडले का? केडगावचे उत्तर आपल्यासमोर आहे. आपापले उत्तर मात्र ज्याचे त्यानेच द्यायचे आहे.