मोडीतली पितळ

आपल्या निपाणी-बेळगाव भागात घराची वाटणी झाली, की जुनी पितळ मोडीत जाते. देवापुढची समई तेवढी राहते. अडकित्ता, वजरी, कुंकवाचा करंडा वजनावर विकला जातो. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास नेमकं हेच गोळा करायला घेतलं. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणारा हा माणूस वस्तूंसाठी गावोगाव हिंडला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. (एवढा पसारा घरात सांभाळणं म्हणजे काय, ते आपल्यालाच ठाऊक!) मुलगा राजा लहानपणीच गेला; संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथं २०,००० हून जास्त वस्तू आहेत.

कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल बघायला गर्दी होते. मला विचाराल तर आधी अडकित्ते बघा. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण त्याला कुठं पक्ष्याचा, कुठं माणसांच्या जोडीचा आकार. पाय घासायच्या वजरीवरसुद्धा पाखरं बसवलेली. घडवणाऱ्याचं नाव कुठंच नाही, आणि रोज वापरून तिला गुळगुळीत करणारीचंही नाही.