कमानी, पीळ आणि पस्तीस वर्षे

दिल्लीच्या कश्मीरी गेटात मोटारींच्या सुट्या भागांचा जो मोठा बाजार आहे, तेथे ‘पाटे’ मागणाऱ्या मराठी माणसाची क्षणभर पंचाईत होते. मोटारीच्या मागील आसाशी एकावर एक रचलेल्या ज्या पोलादी पट्ट्यांस आपण पाटे म्हणतो, त्यांस इकडील कारागीर ‘कमानी’ म्हणतो. शब्द दोन, पण दोन्ही सार्थ. आपल्या शब्दात त्यांचा सपाटपणा दिसतो, इकडच्या शब्दात त्यांचा बाक दिसतो. आणि सारे महत्त्व त्या बाकाचेच आहे.

कमान मोटारीहून वयाने वडील होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबडाया एलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले. पुढे मोटार आली, घोडा गेला. कमान मात्र राहिली. याचे कारण ती एकाच वेळी तीन कामे करते. ती भार तोलते, आसास जागच्या जागी धरून ठेवते आणि पाट्यावर पाटा घासल्याने गाडीचे हेलकावेही थोडेफार आवरते. खाचखळग्यांच्या देशात अशा सोशिक साधनाचे मोल अधिक असावे, यात नवल नाही.

आपल्या देशात मोटारी प्रथम परदेशी कंपन्यांच्या जुळणी कारखान्यांतून बाहेर पडत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत असा कारखाना काढला. स्वदेशी उद्योगाची पायाभरणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. १९४२ साली हिंदुस्थान मोटर्स स्थापन झाली आणि १९४४ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारली. तिचा कारखाना कुर्ल्यास होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने जे धोरण ठरविले, त्यामुळे गाड्यांचे भाग येथेच बनविण्याची योजना नसलेल्या कंपन्यांस आपला गाशा गुंडाळावा लागला. त्यानंतरची कित्येक दशके भारतीय रस्त्यांवर मुख्यतः दोन घराण्यांचे राज्य होते: कुर्ल्याची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर.

यांपैकी दिल्ली ही अँबॅसडरची. मंत्र्यांपासून अवर सचिवांपर्यंत साऱ्यांस तिने वाहिले, आणि आम्हां कारकून मंडळींनी तिची लॉगबुके भरली. १९५७-५८ च्या सुमारास आलेली ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची भारतीय आवृत्ती होती. तिला मागे कमानी होत्या; पुढच्या चाकांस मात्र निराळीच युक्ती होती. १९४८ च्या लंडनमधील प्रदर्शनात अॅलेक इसिगोनिस यांची मॉरिस मायनर आणि तिची थोरली बहीण ऑक्सफर्ड या दोघी ज्या रचनेसह अवतरल्या, तीच ही रचना. तिच्यात गाडीच्या लांबीला समांतर असा एक पोलादी दंड असतो. त्याचे एक टोक सांगाड्याशी पक्के बांधलेले, तर दुसरे चाकाच्या खालच्या भुजेस जोडलेले. चाक वर उचलले की दंडास पीळ बसतो. तो उलगडू पाहतो, आणि त्या ओढीनेच चाक पुन्हा खाली येते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी आपली म्हण आहे. पोलादाची गोष्ट तशी नव्हे. वर्षानुवर्षे भार सोसून दंड सैलावतो आणि गाडीचे नाक खाली झुकते. दंडाच्या टोकांवरील दात्यांची जुळणी बदलून कुशल कारागीर तिची उंची पूर्ववत आणतो. मात्र डाव्या बाजूचा वापरलेला दंड उजवीकडे घालणे त्याने कटाक्षाने टाळले पाहिजे. ज्या दिशेने पोलादास पिळाची सवय झाली, तिच्या उलट पीळ दिल्यास ते दगा देते. कमानीचेही तसेच. तिचा बाक बसला की पाटे सुटे करून, ठोकून, त्यांस पुन्हा बाक द्यावा लागतो. तुटलेला पाटा बदलतात, रबरी बुश नवे घालतात, पाट्यांमध्ये ग्रीस भरतात.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे एक जादा पाटा चढविणे. दिल्लीत त्यास सबळ कारणही घडले. १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राजधानीतील सार्वजनिक वाहने सीएनजीकडे वळली, आणि टॅक्सी म्हणून धावणाऱ्या अँबॅसडरच्या डिकीत गॅसची जड टाकी आली. जादा पाट्याने असे ओझे पेलते खरे, पण गाडी कडक होते आणि प्रवाशाच्या पाठीस प्रत्येक खड्डा कळतो. दुरुस्ती आणि बदल यांतील भेद तो हाच.

हा भेद आता केवळ कारागिराचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नियम स्तुत्य आहे. पण फायलींशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांस त्याची दुसरी बाजूही दिसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मज्जाव केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास दुजोरा दिला, आणि २०२५ साली हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयापुढे आला. म्हणजे पंधराव्या वर्षी रस्त्यावरून उतरविलेल्या गाडीने पन्नासाव्या वर्षी सन्मानास पात्र व्हायचे, तर मधली पस्तीस वर्षे तिने जगायचे कोठे?

दिल्लीची हवा ज्यांनी हिवाळ्यात छातीत घेतली आहे, ते त्या आदेशास अन्याय म्हणणार नाहीत. आम्हीही म्हणत नाही. तथापि उत्तरपाड्याचे उत्पादन २०१४ साली थांबले आहे. गाड्या चालल्या तरच सुट्या भागांना गिऱ्हाईक राहते, आणि गिऱ्हाईक असले तरच कमानीस बाक देणारा हात शाबूत राहतो. ‘स्टेट्समन’ पत्राने १९६४ साली सुरू केलेल्या जुन्या मोटारींच्या शर्यतीत राजेरजवाड्यांच्या गाड्या दिमाखाने मिरवत आल्या. त्यांच्या मागे धनिकांचे बळ असते. कारकुनाच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेल्या १९८५ च्या अँबॅसडरमागे कोणाचे बळ? तिला व्हिंटेजचा मान मिळायला २०३५ साल उजाडावे लागेल.

रोजच्या वापरासाठी नव्हे, तर वर्षातून मोजके दिवस, मोजके मैल चालविण्याची मुभा अशा मधल्या वयाच्या गाड्यांस मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे. हवेचे त्यात फारसे बिघडणार नाही. ज्या गाडीने या प्रजासत्ताकाचा कारभार अर्धशतक वाहिला, तिच्या पुढचा पीळ आणि मागचा बाक नातवंडांस हाताने चाचपून पाहता यावा. केवळ चित्रात पाहून तो समजणारा नाही.