संरोध-मेळ : मोटारीतील सबवूफर व ॲम्प्लिफायर

मोटारीतील मंद्र स्वरांचा ध्वनिक्षेपक, म्हणजे सबवूफर, आणि त्यास शक्ती पुरविणारा ॲम्प्लिफायर यांची सांगड घालताना कुंडलाचा संरोध प्रथम पाहावा लागतो. कारण विद्युत्‌दाब कायम असता संरोध निम्मा झाला, की प्रवाह दुप्पट होतो आणि शक्तीबरोबर उष्णताही वाढते. दुहेरी कुंडलाच्या सबवूफरातील 4 ओहमांची दोन्ही कुंडले एकसर जोडल्यास 8, तर समांतर जोडल्यास 2 ओहमांचा भार होतो. असे दोन सबवूफर सर्वस्वी समांतर जोडले असता तो 1 ओहमावर उतरतो, आणि 2 ओहमांखालील भारासाठी न घडविलेला ॲम्प्लिफायर तापून संरक्षक मंडलामुळे बंद पडतो, क्वचित जळतोही. सबब प्रत्येकाची कुंडले एकसर जोडून मग दोहोंस समांतर करावे, म्हणजे 4 ओहमांचा निर्धोक भार मिळतो. दोन वाहिन्यांचा सेतू केल्यास प्रत्येक वाहिनीस निम्माच संरोध जाणवतो, ही बाब बहुधा नजरेआड होते आणि तीच सर्वांत घातक होय. मल्टिमीटरवर 4 ओहमांचे कुंडल साडेतीनच्या आसपास दाखवते. तो दोष नव्हे, कारण छापील आकडा नाममात्र असून प्रत्यक्ष संरोध कंप्रतेनुसार बदलतो व अनुनादाशी कित्येक पटींनी चढतो.