एकाच मेमरीचा भास आणि गावाकडचा सातबारा

मुरबाडकडच्या एका ओळखीच्या घरात सातबाऱ्याची प्रत तिघा भावांकडे होती. थोरल्याने वाटपाचा फेरफार करून घेतला, धाकट्याने पीककर्जाला जुनीच प्रत जोडली. कर्ज अडकलं. "तुझं संशोधन नेमकं कशावर?" असं कुणी विचारलं की मी हाच किस्सा सांगतो.

कारण माझा विषय तोच आहे. नेटवर्कने जोडलेले चार संगणक, प्रत्येकाची मेमरी वेगळी. पण प्रोग्रॅमला वाटलं पाहिजे की आपण चार प्रोसेसरच्या एकाच यंत्रावर चाललोय. काई ली याने १९८६ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रबंधात हे करून दाखवलं. त्याच्या 'आयव्ही'मध्ये मेमरीचं एखादं पान कितीही जणांनी वाचावं, प्रती काढाव्यात. पण लिहायचं असेल तर आधी बाकीच्या सगळ्या प्रती रद्द. आमच्या धाकट्याची जुनी झेरॉक्स इथे चाललीच नसती.

गोम पुढे आहे. दोन भावांचे हिस्से वेगळे, पण गट नंबर एकच, तर? एक पूर्वेकडच्या तुकड्यात लिहितो, दुसरा पश्चिमेकडच्या, आणि पान उगाच दोघांमध्ये हेलपाटे घालतं. याला 'फॉल्स शेअरिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या 'ट्रेडमार्क्स'ने यावर उपाय काढला: दोघांनी आपापल्या प्रतीत लिहा, आणि कुलूप हातोहात जाईल तेव्हा फक्त बदल कळवा.

आपल्याकडे मात्र वाट वेगळी होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्यात ६४ ट्रान्सप्युटर, प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र. भास वगैरे काही नाही; दुसऱ्याकडचा आकडा हवा असेल तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने निरोप धाडायचा. कटकटीचं काम, पण वेळ कुठे जातोय ते समोर दिसतं. मला तरी तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

तरी कल्पना मेली नाही. २००९ मध्ये चॅपमन आणि हायझर यांच्या 'व्हीन्यूमा'ने हा भास ऑपरेटिंग सिस्टिमच्याही खाली नेला. इथरनेटने जोडलेली यंत्रं लिनक्सला एकच यंत्र म्हणून दिसू लागली.

पीएचडीची तयारी करत असाल तर ली आणि हुदाक यांचा १९८९ चा पेपर मुळातून वाचा. आसनगावहून लोकल धरली तर मुंबई येईपर्यंत निम्मा होतो. त्यात एका गणिताचा वेग दोन यंत्रांवर दुपटीहून जास्त वाढलाय. जादू नाही ही: एकाच्या मेमरीत न मावणारा डेटा दोघांत मावला, डिस्कच्या फेऱ्या वाचल्या. आणि त्याच पेपरात डॉट प्रॉडक्टचाही आलेख आहे, जवळजवळ आडवा. आकडे एकदाच वाचायचे, हिशेब थोडासा, सगळा वेळ आणण्यात गेला. आपली पद्धत जिथे हरते ते उदाहरण त्यांनी मुद्दाम निवडून छापलं होतं.