माशीचे वैद्य

मधमाशीच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास सुरू होऊन जेमतेम दीडशे वर्षे झाली. रोगांची ओळख मात्र फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पोळ्यातील दुर्गंधी, माश्यांची मरगळ आणि मेणात शिरणारे किडे यांची नोंद केली. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरील काव्याच्या चौथ्या खंडात आजारी माश्यांची लक्षणे वर्णन केली, औषधे सुचवली, आणि सगळी मोहोळे मेलीच तर बैलाच्या कुजत्या शवातून नवी माशी कशी निर्माण करावी तेही सांगितले. त्यानंतर शतकानुशतके या ज्ञानात फारशी भर पडली नाही. त्याचे कारण व्यावहारिक होते. युरोपात माश्या गवताच्या टोपल्यांत नाहीतर पोकळ ओंडक्यांत पाळल्या जात. आत काय चालले आहे ते पाहायचे तर पोळे मोडावे लागे, आणि अनेक ठिकाणी मध काढताना गंधकाच्या धुरीने सारी वसाहतच मारली जाई. ज्या प्राण्याला दरवर्षी मारायचे, त्याच्या दुखण्याची चौकशी कोण करणार?

पहिली चौकशी एका पाद्र्याने केली. सॅक्सनीतील क्लाइनबाउत्झेन गावचा आडाम गॉटलोब शिराख याने 1769 मध्ये अळ्या कुजवणाऱ्या रोगाचे वर्णन केले. फाउलब्रूड हे त्याचे नाव तेव्हापासूनचे. शिराखने दोष दिला तो निकृष्ट अन्नाला आणि कोठडीत उलट्या पडलेल्या अळीला. दोन्ही कारणे चुकीची होती, पण रोग अळीचा आहे, मोठ्या माशीचा नाही, हे त्याने बरोबर हेरले.

पुढचे पाऊलही पाद्र्यानेच टाकले. अमेरिकेत लॉरेन्झो लँगस्ट्रॉथने 1851 मध्ये पाहिले की पोळे आणि पेटीची भिंत यांच्यात साधारण 6 ते 9 मिलिमीटर फट ठेवली तर माश्या ती मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत. या एका निरीक्षणावर उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी उभी राहिली. आता कोणतीही चौकट बाहेर काढून अळ्या तपासता येऊ लागल्या. मात्र त्याच सोयीमुळे मधपाळ एका पेटीतली चौकट दुसरीत घालू लागले, जुन्या पेट्या विकू लागले, रेल्वेने माश्या पाठवू लागले. पेटीने रोग दाखवला आणि तिनेच तो पसरवलाही.

1885 मध्ये लंडनमध्ये फ्रँक चेशायर या मधमाशीतज्ज्ञाने वॉटसन चेन या शल्यचिकित्सकाच्या साथीने कुजलेल्या अळ्यांतून एक जिवाणू वेगळा केला. चेन हा निर्जंतुक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या लिस्टरचा शिष्य. पाश्चर आणि कोख यांचे काम ताजे होते आणि प्रत्येक रोगामागे एक जिवाणू शोधण्याचा तो काळ होता. फाउलब्रूडचा गुन्हेगार सापडला असे सर्वांनी धरले आणि चेशायरने साखरेच्या पाकातून फिनॉल पाजण्याचा उपचार सुचवला. प्रत्यक्षात तो जिवाणू आधीच मेलेल्या अळ्यांवर वाढणारा होता.

खरा उलगडा केला जी. एफ. व्हाइट यांनी. कॉर्नेल विद्यापीठात, पशुवैद्यक महाविद्यालयातील जिवाणुतज्ज्ञ व्हेरानस मूर यांच्याबरोबर त्यांनी मधमाशीच्या रोगांवर कामाला सुरुवात केली आणि पुढे ते अमेरिकेच्या कृषी खात्यात गेले. फाउलब्रूड हा एक रोग नसून दोन आहेत, हे त्यांनी 1906 ते 1912 या काळात दाखवून दिले. त्यांतल्या अधिक घातक रोगाचे, म्हणजे अमेरिकन फाउलब्रूडचे, कारण असलेल्या जिवाणूला आज पेनिबॅसिलस लार्व्ही म्हणतात. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली अळी अन्नाबरोबर त्याचे बीजाणू गिळते. कोठडीवर मेणाचे झाकण बसल्यानंतर ती मरते आणि तिचा कॉफीच्या रंगाचा चिकट लगदा होतो. काडी खुपसून बाहेर ओढली तर त्याची तार निघते. मधपाळ आजही पहिली परीक्षा हीच करतात. लगदा वाळून कोठडीच्या तळाला खपली धरते आणि त्या खपलीतले बीजाणू 35 वर्षांनंतरही रोग देऊ शकतात. कामकरी माश्या कोठडी साफ करायला जातात आणि तोंडाला लागलेले बीजाणू पुढच्या अळीला भरवतात. पोळ्यातली स्वच्छता ही इथे रोगाची वाहक ठरते.

असा रोग औषधाने जाणार नाही, हे मधपाळांना शास्त्रज्ञांच्या आधीच कळले होते. पेटी जाळणे हाच उपाय होता, आणि शेजाऱ्याने पेटी जाळावी यासाठी कायदा लागत होता. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो परगण्याने 1877 मध्येच पेट्या तपासण्याचा कायदा केला, म्हणजे रोगाचे खरे कारण कळण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. हे तपासनीस अनुभवी मधपाळ असत, पशुवैद्य नव्हेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने मधमाशी कीटकशास्त्र विभागाकडे सोपवली आणि ती पुढचे शतकभर तिथेच राहिली. पशुवैद्यक महाविद्यालये गाय, घोडा, कुत्रा शिकवत राहिली. जर्मनीसारख्या देशांत मात्र मधमाशीचे रोग जनावरांच्या साथरोग कायद्याखाली आले आणि सरकारी पशुवैद्याला पेटीपर्यंत जावे लागले. कीटक हा पशुवैद्याचा रुग्ण मानायचा की नाही, हे विज्ञानाने ठरवलेच नाही. ज्या त्या देशातील खातेवाटपाने ठरवले.

चुकीच्या निदानाची सर्वात मोठी कथा इंग्लंडची आहे. 1904 च्या सुमारास दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर माश्या पेटीसमोर जमिनीवर सरपटताना दिसू लागल्या. पोट फुगलेले, पंख वाकडे, उडण्याची ताकद नाही. काही वर्षांत ही साथ ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पोहोचली आणि देशातील बहुतेक मधमाश्या नष्ट झाल्याचे सांगितले जाऊ लागले. सरकारी मंडळाने 1907 मध्ये ऑगस्टस इम्स या कीटकशास्त्रज्ञाला बेटावर पाठवले. त्याला कारण सापडले नाही. 1912 मध्ये ग्रॅहम-स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या अहवालाने नोसीमा या आतड्यातील सूक्ष्मजीवाकडे बोट दाखवले. हा जीव एनॉख झांडर यांनी जर्मनीत 1909 मध्येच वर्णिला होता. पण निरोगी पेट्यांतही नोसीमा सापडू लागला आणि हे उत्तर डळमळले.

मग पाळी आली कोळ्याची. ॲबर्डीनमध्ये जॉन रेनी यांच्या गटातील एल्सी हार्वे यांना माशीच्या श्वासनलिकेत एक अतिसूक्ष्म कोळी दिसला. 1921 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ए. एच. ई. वुड यांचे नाव त्याला मिळाले. आज तो अकॅरॅपिस वुडाय म्हणून ओळखला जातो. निकाल लागला असे जगाने मानले. अमेरिकेने 1922 मध्ये कायदा करून जिवंत माश्यांची आयात थांबवली. डेव्हनमधील बकफास्ट मठात 46 वसाहतींपैकी 16 च उरल्या होत्या आणि वाचलेल्या वसाहतींत इटालियन रक्त होते. ब्रदर ॲडम यांनी त्यांच्यापासूनच पुढे प्रसिद्ध झालेली बकफास्ट माशी पैदा केली.

चाळीस वर्षांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या लेस्ली बेली यांनी हे प्रकरण पुन्हा उघडले. कोळी असलेल्या माश्याही उडतात, त्यांचे आयुष्य फक्त थोडे कमी होते, हे त्यांनी मोजून दाखवले. 1963 मध्ये त्यांच्या गटाने पक्षाघात घडवणारा एक विषाणू वेगळा केला. त्याची लक्षणे आइल ऑफ वाइटच्या जुन्या वर्णनांशी हुबेहूब जुळत होती. बेलींचा निष्कर्ष असा की त्या साथीला एकच कारण नव्हतेच. वाईट उन्हाळे, मोजक्या फुलोऱ्यावर दाटीवाटीने ठेवलेल्या पेट्या, विषाणू आणि इतर किरकोळ दुखणी एकत्र आली होती. माश्या मरताहेत एवढे दिसले की सगळे मरण एकाच नावाखाली जमा होत गेले. 1964 मध्ये बेलींनी या समजुतीला उघडपणे मिथक म्हटले. हाच कोळी 1984 मध्ये अमेरिकेत पोहोचला तेव्हा तिथे बऱ्याच वसाहती मेल्या, हेही खरे. म्हणून त्याला निर्दोष म्हणता येत नाही. जुन्या आरोपाचा पुरावा मात्र कच्चा होता.

नोसीमाच्या इतिहासात एक वेगळेच प्रकरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या रोगाने जर्मनीतील लाखो वसाहती गेल्या. ज्यू पूर्वजांमुळे म्युनिकच्या विद्यापीठातून कार्ल फॉन फ्रिश यांची हकालपट्टी ठरली होती. त्यांना नोसीमावर संशोधन करण्यास सांगितले गेले आणि बडतर्फी युद्ध संपेपर्यंत लांबणीवर पडली. पुढे माशीच्या नृत्यभाषेसाठी नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ असा माशीच्या आजारपणामुळे जागेवर राहिला.

फाउलब्रूडवर 1944 मध्ये सल्फाथायाझोल आणि 1950 च्या दशकात ऑक्सिटेट्रासायक्लीन ही औषधे आली आणि पेटी जाळण्याऐवजी पाकातून औषध देणे सोपे झाले. ही औषधे बीजाणू मारत नाहीत. ती फक्त लक्षणे दाबतात, आणि थांबवली की रोग परततो. म्हणून अमेरिकेत मधपाळ रोग नसतानाही दरवर्षी औषध देत राहिले. शतकाच्या अखेरीस प्रतिकारक्षम जिवाणू सापडू लागले. दुसरी वाट त्याआधीच खुली होती. वॉल्टर रोथेनबुलर यांनी 1964 मध्ये दाखवले की काही वसाहतींतील कामकरी माश्या रोगट कोठडीचे झाकण उघडून मेलेली अळी वेळीच बाहेर फेकतात आणि हा गुण आनुवंशिक आहे. पण निवड पद्धतीने पैदास करायला वर्षे लागतात आणि औषधाची पुडी लगेच मिळते. बहुतेकांनी पुडी निवडली.

व्हॅरोआ या कोळ्याने सगळी गणिते बदलली. जावा बेटावर आशियाई मधमाशीवर सापडलेल्या या कोळ्याचे वर्णन ऊडेमान्स यांनी 1904 मध्ये केले तेव्हा त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. आशियाई माशी, म्हणजे आपल्याकडची सातेरी, त्याला अंगावरून झटकते आणि तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्या कोठड्यांतच वाढतो. माणसाने युरोपियन माशी पूर्वेकडे नेली तेव्हा तो तिच्यावर चढला आणि तिथे त्याला कामकरी माश्यांच्या कोठड्याही मिळाल्या. 1970 च्या दशकात तो युरोपात पसरला, 1987 मध्ये अमेरिकेत दिसला, 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात. जगभर मधपाळांना पोखरणारी जात जावातील जातीहून वेगळी असल्याचे अँडरसन आणि ट्रूमन यांनी 2000 मध्ये सिद्ध केले आणि तिला व्हॅरोआ डिस्ट्रक्टर हे नाव दिले. तोवर तिच्या नोंदी चुकीच्या नावाने झाल्या होत्या. हा कोळी माशीचे रक्त पितो ही समजूत तर 2019 पर्यंत चालली. सॅम्युएल रॅम्सी यांनी तो प्रामुख्याने माशीच्या शरीरातील मेदपेशी खातो हे दाखवले. त्याच्याबरोबर पंख वाकडे करणारा विषाणूही पसरतो आणि वसाहत कोसळते ती बहुधा या दोघांमुळे.

2006 च्या हिवाळ्यात अमेरिकेत पेट्यांतून कामकरी माश्या नाहीशा होऊ लागल्या. राणी आणि अळ्या आत, बाकी पेटी रिकामी. दुसऱ्याच वर्षी एका विषाणूवर ठपका आला, मग नोसीमाच्या दुसऱ्या जातीवर, मग कीटकनाशकांवर. यांपैकी एकच कारण पुरेसे ठरले नाही. आइल ऑफ वाइटचा इतिहास वाचलेल्या कोणालाही यात नवल वाटले नसते.

पशुवैद्य अमेरिकेच्या मधपेटीपाशी आला तो मात्र संशोधनामुळे नव्हे, तर नियमामुळे. माणसाच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके अन्न देणाऱ्या प्राण्यांना पशुवैद्याच्या आदेशाशिवाय देऊ नयेत, असा अन्न व औषध प्रशासनाचा नियम 1 जानेवारी 2017 पासून लागू झाला. मध हे अन्न, म्हणून माशी हा अन्न देणारा प्राणी. आजवर दुकानातून आणलेल्या पुडीसाठी मधपाळाला चिठ्ठी लागू लागली, आणि चिठ्ठी देणाऱ्याने आयुष्यात पेटी उघडलेली नसे. म्हणून पशुवैद्यांसाठी मधमाशीचे अभ्यासक्रम सुरू झाले, मधमाशीवर काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना उभी राहिली. फ्रान्समध्ये नांतच्या पशुवैद्यक विद्यालयात मधमाशीच्या रोगांची खास पदविका दिली जाते. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेने अमेरिकन फाउलब्रूडवरच्या लसीला सशर्त परवाना दिला. मारलेले जिवाणू कामकरी माश्यांच्या खाद्यात मिसळतात, त्या राजान्नातून, म्हणजे राणीच्या खास खाद्यातून, ते राणीला भरवतात आणि राणीच्या अंड्यांतून संरक्षण पुढच्या पिढीत उतरते. फॉन फ्रिश यांच्या काळात कीटकाला लस ही कल्पनाच हास्यास्पद ठरली असती.

भारतात या शास्त्राचे घर पुणे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 1962 मध्ये तिथे केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था सुरू केली. सातेरीत आढळलेल्या एका नव्या जिवाणूजन्य रोगाची नोंद दिवाण, क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. खरी परीक्षा मात्र विषाणूने घेतली. 1976 मध्ये थायलंडमध्ये दिसलेला सॅकब्रूडचा प्रकार त्या दशकाच्या अखेरीस ईशान्य भारतात आला. अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन कोठडीत ताठ मरते. युरोपियन माशीला सॅकब्रूड सहसा फारसा बाधत नाही, सातेरीला मात्र या प्रकाराने झोडपले. 1991-92 मध्ये तो दक्षिणेत उतरला आणि केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत पाळलेल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपल्या. हिमाचलातील नगरोटा बगवाँ येथे 1960 च्या दशकात रुजवलेली मेलिफेरा, म्हणजे युरोपियन माशी, दक्षिणेत मोठ्या संख्येने गेली ती यानंतरच.

या विषाणूवर औषध नव्हते आणि आजही नाही. राणी काही काळ काढून अळ्यांची साखळी तोडणे, आजारी पेटीतली चौकट दुसरीत न घालणे आणि साथीतून तगलेल्या वसाहतींपासूनच नव्या पेट्या भरणे एवढेच मधपाळाच्या हातात असते. सातेरी पुन्हा उभी राहिली ती प्रामुख्याने या शेवटच्या उपायाने.